अकरावं कलम

पुण्यात दोन माणसं जमली की तिसऱ्याबद्दल बोलतात आणि सात जमली की संस्था काढतात. सात हा आकडा मी विनोदासाठी घेतलेला नाही. संस्था नोंदवायला निदान सात माणसं लागतात. त्या सातांची नावं, पत्ते, व्यवसाय, सह्या आणि त्यांनी एकमेकांशी कसं वागायचं याचे नियम कागदावर आणून देणं हे माझं काम होतं. चाळीस वर्षं मी ते केलं. आधी एका वकिलांकडे कारकून म्हणून, मग स्वतःच्या टेबलावर. वकील मी नव्हे. धर्मादाय कार्यालयात कुठल्या खिडकीवर कुठला कागद चालतो, एवढंच माझं शिक्षण.

संस्थेच्या नियमांच्या पुस्तिकेला घटना म्हणतात. देशाला एक असते तशीच संस्थेलाही असते, फक्त संस्थेची कोणी वाचत नाही. नोंदणी झाली की ती प्लास्टिकच्या फाइलीत जाते, फाइल कपाटात, कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार मुलाकडे ऑस्ट्रेलियाला. मग दहा-पंधरा वर्षांनी बँक काहीतरी मागते आणि माणसं मला शोधत येतात.

दुसरं पुस्तक इतिवृत्ताचं. सभेत काय झालं याची ती नोंद असते, असं म्हणतात. माझ्या अनुभवाने, सभेत काय व्हायला हवं होतं याची ती नोंद असते. एका वाचनालयाच्या इतिवृत्तात एक गृहस्थ मला स्वतःच्याच शोकसभेला हजर सापडले. सचिवांनी मागच्या सभेची हजेरी बघून उतरवली होती. मी ते दाखवलं तेव्हा सचिव अजिबात ओशाळले नाहीत. "अहो, ते कधी गैरहजर राहिलेच नाहीत हो," म्हणाले. "हाताला सवय झाली होती."

असे किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि ते मी आजवर लग्नकार्यांतून सांगत आलो. त्यांच्या शेवटी एक वाक्य असायचं, की मी दोनशेच्या वर घटना केल्या पण त्रुटी काढून एकही परत आली नाही. हे खरं आहे. पण अलीकडे ते वाक्य मी सांगत नाही. का सांगत नाही, ते इथे लिहितो.

वकीलसाहेबांकडे घटनेचा एक नमुना होता. तो मुळात एका पाठशाळेसाठी केलेला. त्या पाठशाळेच्या मंडळावर सराफ आणि कापडाचे व्यापारी. त्यांना संस्थेतून पैसे घ्यायची गरजच नव्हती, पण शेजारच्याने घेऊ नयेत अशी प्रत्येकाची इच्छा होती. म्हणून त्यात अकरावं कलम आलं: कार्यकारी मंडळाच्या कोणत्याही सदस्यास संस्थेकडून पगार, मानधन वा अन्य आर्थिक लाभ घेता येणार नाही. मी टायपिंगला बसलो की वरचं नाव बदलायचो, उद्देश बदलायचे, बाकी कलमं होती तशी. व्यायामशाळेला तेच, भजनी मंडळाला तेच, मूकबधिरांच्या शाळेला तेच. आलेली माणसं अकरावं कलम ऐकून खूश व्हायची. आपण निःस्वार्थी आहोत हे कोणीतरी टाइप करून दिलं, की बरं वाटतं.

असंच ते नलिनीबाईंच्या संस्थेला गेलं. संस्थेचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांना देणग्या मिळायला हव्यात आणि मला शांतता.

नलिनीबाई शाळेत भूमिती शिकवायच्या. त्यांचे यजमान दोन वर्षं अंथरुणावर होते. ते गेल्यावर घरात डोक्याकडून वर होणारा एक पलंग, एक व्हीलचेअर आणि एक वॉकर उरला. समोरच्या इमारतीतल्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा बाईंनी पलंग त्यांना दिला. तिथून तो तिसरीकडे गेला. मग लोक आपल्या घरात उरलेल्या वस्तू बाईंकडे आणून देऊ लागले आणि बाईंच्या स्वयंपाकघरात जायला वाट राहिली नाही. तेव्हा त्या सहा जणांना घेऊन माझ्याकडे आल्या. नव्या पेठेत एका जुन्या विद्यार्थ्याने तळमजल्याच्या दोन खोल्या दिल्या. अनामत ठेवायची, वस्तू न्यायची, काम झालं की आणून द्यायची आणि अनामत परत घ्यायची, असा साधा व्यवहार. तिथे पलंग मिळतो हे अर्ध्या शहराला माहीत होतं.

अशा संस्थेला पैसे कमी पडतात म्हणजे नक्की कुठे कमी पडतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. वस्तू द्यायला लोक पुष्कळ येतात. वडिलांच्या नावे व्हीलचेअर, काकूंच्या नावे वॉटरबेड. वस्तूवर नाव रंगवून मिळतं. ती व्हीलचेअर पुसून, तेल घालून, जागेवर लावून ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराला देणगी दिलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पगारावर नाव कुठे रंगवणार? त्यामुळे खोल्यांमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि महिनाअखेरीला एक पगार द्यायचा तर बाईंच्या कपाळावर आठ्या.

देणगीदारांचे नमुनेही बघण्यासारखे असायचे. एका गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ कमोडची खुर्ची दिली, पाठीवर नाव घालून. आठवड्याने परत आले. म्हणाले, "बाई, आईचं नाव कमोडवर बरं नाही दिसत."

"आईंनी वापरला होता ना कमोड?" बाईंनी विचारलं.

"हो, शेवटी शेवटी."

"मग त्यांची हरकत नसावी."

गृहस्थांनी नाव तसंच राहू दिलं. पण दर वर्षी आईच्या तिथीला येऊन नाव पुसट झालंय का, ते बघून जायचे.

आता वैशाली. पंधरा वर्षांपूर्वी ती वस्तू पुसायला म्हणून लागली. दांडेकर पुलाकडे राहायची. नवऱ्याचा भोसरीतला कारखाना बंद पडल्यावर त्याला मिळेल ते काम, म्हणजे कधी असायचं, कधी नसायचं. दोन मुली शिकत होत्या. घरात ठरलेल्या तारखेला येणारा पगार तिचा एकटीचा. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की संस्थेतलं प्रत्येक काम तिच्या हातून जात होतं. मार्केट यार्डात पहाटेचा माल उतरवून रिकामा परत निघणारा एक टेम्पोवाला तिने गाठून ठेवला होता. तो कात्रजपासून येरवड्यापर्यंत कुठेही डिझेलपुरत्या पैशात पलंग पोचवायचा. कुठल्या पलंगाचा कुठला दांडा अडतो, हे तिला पाठ होतं. बाई सभा घ्यायच्या, भाषणं करायच्या, देणगीदारांकडे जायच्या आणि संस्था बाईंची आहे असं सगळे म्हणायचे. वैशालीसुद्धा म्हणायची.

तिची एक पद्धत मी उशिरा ओळखली. कोणी वस्तू परत आणली की ती "पेशंट कसा आहे" असं कधीच विचारायची नाही. वस्तू घ्यायची, माणसाला बसवायची, पाणी द्यायची आणि अनामत मोजून हातात ठेवायची. माणूस बरा झाला असेल तर सांगणारा आपणहून सांगतो, असं तिचं म्हणणं.

तर एका मोठ्या कंपनीच्या सामाजिक निधीतून एक मुलगा आणि एक मुलगी पाहणीला आले. तीन वर्षांचा निधी देणार होते. त्यात एक छोटी गाडी होती आणि चक्क पगारही होते. बाई एक्क्याऐंशीच्या. कागदांसाठी मला बोलावलं होतं. मुलीने लॅपटॉप उघडला.

"मॅम, तुमचा सक्सेशन प्लॅन काय आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुमच्यानंतर कोण, असं विचारतायत."

"मी अजून आहे," बाई म्हणाल्या.

"हो हो, ॲब्सोल्यूटली मॅम. म्हणजे, जस्ट इन केस..."

"अहो, घाबरता काय? एक्क्याऐंशी झाली मला. जाणारच आहे. वैशाली बघेल सगळं."

"ग्रेट! वैशाली मॅम कमिटीवर आहेत ना?"

वैशाली तेव्हा फरशीवर बसून पलंगाचा नट आवळत होती. कमिटीवर ती नव्हती. मुलीने तसं टाइप केलं आणि सांगितलं की निधी हवा असेल तर दोन महिन्यांत पुढचं नेतृत्व कागदावर दिसायला हवं. माणसं संस्था चालवतात हे त्यांना पटत होतं, पण ती माणसं यादीत सापडत नव्हती. त्यांचं काही चुकत नव्हतं.

बाईंनी घरी सभा बोलावली. मूळच्या सातांपैकी चौघं वारली होती. उरलेले म्हणजे बाई, एक निवृत्त डॉक्टर आणि बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार. मी इतिवृत्ताची वही घेऊन कोपऱ्यात. वैशालीला मंडळावर घ्यायचं आणि कार्याध्यक्ष करायचं, असा ठराव बाईंनी स्वतः मांडला. मला आश्चर्य वाटलं, कारण खुर्ची सोडायची वेळ आली की माझ्या बहुतेक अध्यक्षांना अचानक संस्थेची काळजी वाटू लागते. बाईंनी तसं काही केलं नाही. वैशालीला आत बोलावलं आणि डॉक्टरांनी तिला पेढा दिला.

पेढा हातात धरूनच वैशालीने विचारलं, "माझा पगार चालू राहील ना?"

उत्तर मला माहीत होतं. तरी मी फाइल उघडून अकरावं कलम वाचून दाखवलं. माझ्याच जुन्या टाइपरायटरवरचं. त्याचा 'र' थोडा वर उडायचा, तो तिथेही उडाला होता.

"अगं, पद मानद असतं," डॉक्टर म्हणाले. "पगार नसतो, मान असतो."

"मान दुकानात चालत नाही, डॉक्टर."

"मग तू नोकरीवरच राहा," खजिनदार म्हणाले. "पद दुसऱ्या कुणाला देऊ."

"कुणाला?" बाईंनी विचारलं. खजिनदारांनी चहाचा कप तोंडाला लावला.

मग बाई वैशालीकडे वळल्या. "मी एकतीस वर्षांत एक रुपया घेतला नाही. रिक्षाचं भाडंसुद्धा."

"माहीत आहे, बाई. तुम्हाला शाळेचा पगार होता. नंतर पेन्शन आलं. मला संस्थेचाच पगार आहे."

"म्हणजे मी केली ती हौस?"

"तसं मी म्हटलं नाही."

"अर्थ तोच झाला." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सभा संपली."

त्या खोलीत घटना बदलता येते हे माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो मी. सर्वसाधारण सभेचा ठराव करायचा, अर्ज करायचा, वेळ लागतो पण होतं. मी बोललो नाही. कोणी विचारलं नव्हतं. या धंद्यात विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही मी स्वतःला लावून घेतलेली शिस्त होती आणि तिचा मला अभिमान होता. मी वही पिशवीत घातली आणि पेढा खाऊन घरी आलो. याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी वैशालीने महिन्याची नोटीस दिली. बिबवेवाडीत याच वस्तू भाड्याने देणारं एक खाजगी दुकान निघालं होतं. मालकाने तिला बऱ्याच दिवसांपासून विचारून ठेवलं होतं. पगार जवळजवळ दुप्पट. कंपनीचंही पत्र आलं. भाषा अतिशय गोड होती आणि अर्थ एवढाच होता की पुढच्या वेळी बघू.

बाई दुसऱ्या दिवशी दहाला काठी टेकत नव्या पेठेत हजर. काम शिकून घेते, म्हणाल्या. टेबलामागे बसल्या. फोन वाजायला लागले. हवेची गादी आहे का, कफ ओढायचं नळीचं मशीन आहे का, दवाखान्यातून आत्ता सोडतायत, तासाभरात पलंग मिळेल का. प्रत्येक फोनला बाई "थांबा हं" म्हणायच्या आणि वैशालीला हाक मारायच्या. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला.

त्याच आठवड्यात मी सभेच्या इतिवृत्तावर बाईंची सही घ्यायला गेलो होतो, तेव्हा येरवड्याहून एक माणूस दुचाकीवर वॉकर आडवा बांधून आला. बाईंनी पावती शोधली, वॉकर उलटा-सुलटा करून पाहिला आणि अगदी मनापासून विचारलं, "वडील कसे आहेत आता? चालायला लागले?"

"गेले परवा," तो माणूस म्हणाला.

बाईंचा चेहरा पडला. काय बोलावं ते त्यांना सुचेना आणि माणसाला सुचेनासं झालं की तो नियमाकडे धावतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. बाई म्हणाल्या, "याचं एक रबर दिसत नाहीये."

मागून वैशाली आली. तिने वॉकर बाजूला ठेवला, माणसाला खुर्ची दिली. "दादा, बसा दोन मिनिटं." पाणी दिलं. अनामत पूर्ण दिली. तो गेल्यावर बाईंनी पावती फाइलला लावली.

"मला सांगायचंस ना," बाई म्हणाल्या.

"काय?"

"विचारायचं नसतं ते."

"तुम्ही कधी इथे बसलाच नव्हतात, बाई," वैशाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती फोन घ्यायला आत गेली.

दोन दिवसांनी बाई माझ्या घरी आल्या. दोन जिने चढून. पाणी प्यायल्यावर पहिला प्रश्न: "अकरावं कलम बदलता येतं?"

"येतं."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"पाटणकर, मी छत्तीस वर्षं भूमिती शिकवली. मुलगा चुकीची रेघ ओढताना दिसला तर त्याने विचारायची वाट नाही पाहिली मी."

मी त्यांचा रिकामा पेला उचलून आत ठेवून आलो.

"एक सांगा," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "ते कलम कोणी घातलं? मी तर तुम्हाला असं काही सांगितलेलं आठवत नाही."

मी त्यांना पाठशाळेची, सराफांची आणि नमुन्याची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. "म्हणजे एकतीस वर्षं मी ज्याला माझं तत्त्व समजत होते, ते तुम्ही दुसऱ्याचं उतरवलेलं होतं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "करा अर्ज."

वैशालीला थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला. मी समोर होतो. अर्ज मंजूर होईपर्यंत वर्ष जाईल, तोवर पगारातला फरक मी माझ्या पेन्शनमधून देते, असं त्या म्हणाल्या. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान हलवली.

"तुमच्या पेन्शनवर काम केलं तर ती तुमच्या घरची नोकरी झाली, बाई. संस्थेची नाही."

पहिल्या तारखेला ती बिबवेवाडीला रुजू झाली.

अर्जाला वर्ष लागेल असं मी म्हटलं होतं, लागलं दीड. कार्यालयाला दोष देण्यात अर्थ नाही, घोळ आमचाच होता. मंडळावरची चार माणसं वारली, ते सरकारदरबारी कोणी कळवलंच नव्हतं. कागदावर संस्था सात जणांची होती आणि त्यांतल्या चौघांच्या सह्या आणणं कोणालाच शक्य नव्हतं. आधी ती चौघं कमी करायची, मग नवी भरायची, मग सभा, मग दुरुस्ती. चौघांच्या वारसांकडून मृत्यूचे दाखले गोळा करत मी फिरलो. नागपूरच्या एका चिरंजीवांना वाटलं, मी वर्गणी मागतोय. ते सहा महिने माझा फोनच उचलत नव्हते. या कामाचे मी पैसे घेतले नाहीत. त्याचं कौतुक नको, तो दंड होता.

तेवढ्या काळात संस्थेचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. वैशालीच्या जागी एक निवृत्त अभियंता मानद म्हणून आले. सज्जन आणि टापटिपीचे. त्यांनी पहिल्या महिन्यात सगळ्या वस्तूंची संगणकावर यादी केली आणि तीन वॉकर कमी भरले. यादी जुळेपर्यंत त्यांनी वस्तू देणं बंद ठेवलं. लोक दारावरचा कागद वाचून परत जायचे. टेम्पोवाल्याला कोणी फोन करेना, त्याने दुसरं काम धरलं. पुढे अभियंते मुलीच्या बाळंतपणासाठी गेले ते तिकडेच राहिले. मग बाईच रोज दोन तास उघडून बसायच्या. वस्तू परत आली की आता त्या काही विचारायच्या नाहीत. पण पलंग उचलायला कोणी नव्हतं आणि आतल्या खोलीत पलंगांच्या दांड्यांना गंज चढला होता. व्हीलचेअर द्यायला मात्र लोक येतच होते.

याच दीड वर्षात बाईंनी आणखी एक केलं, जे मी कुठल्याही संस्थेत पाहिलं नव्हतं. त्या देणगीदारांच्या घरी गेल्या आणि वस्तू नको, पगार द्या, असं म्हणाल्या. बहुतेकांनी चहा दिला. एकाने विचारलं, "पण मग नाव कशावर येणार?" बाई म्हणाल्या, "पगाराच्या पावतीवर. ती कोणी बघत नाही." ते गृहस्थ विचार करून कळवणार होते. अजून विचार चालू असावा. कमोडवाल्या गृहस्थांनी मात्र तिथल्या तिथे वर्षातल्या चार महिन्यांचा पगार आपल्याकडे घेतला. त्यांच्या आईला सांभाळायला एक बाई होती, तिचं नाव आपल्याला आता आठवत नाही, असं ते म्हणाले. अशी घरं जोडत जोडत दोन वर्षांच्या पगाराची सोय झाली. बाई तोवर त्र्याऐंशीच्या झाल्या होत्या.

दुरुस्तीचा आदेश हातात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने बिबवेवाडीला गेलो. दुकान मोठं होतं. वैशाली आता तिथली व्यवस्थापक होती, हाताखाली चौघं. तिने बाईंना वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. बाईंनी आदेश तिच्यासमोर ठेवला. पूर्णवेळ काम करणाऱ्या सदस्याला पगार घेता येईल आणि तो किती हे बाकीच्यांनी ठरवायचं, असं नवं कलम होतं. वैशालीने ते सावकाश वाचलं. मग तिने टेबलावरचं पेन उचललं.

"पगार किती महिन्यांचा जमलाय, बाई?"

"चोवीस."

"बँकेत सही कोणाकोणाची?"

"तुझी आणि खजिनदारांची. माझी काढू."

"एखाद्याला अनामत नसताना वस्तू द्यायची असेल तर कोणाला विचारायचं?"

बाई थांबल्या. हा नियम त्यांचा स्वतःचा होता, अनामतीशिवाय वस्तू नाही. "कोणाला नाही," त्या म्हणाल्या.

"मी घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नाही तर?"

"तर मी तुला तसं सांगेन."

"आणि मग?"

"मग तू तुला हवं ते कर."

असे वीसेक मिनिटं प्रश्न झाले. इतक्या वर्षांत बाईंना असं कोणी विचारलं नव्हतं, मी तर नाहीच. त्या प्रत्येक प्रश्नाला नोकरीसाठी आलेल्या माणसासारखं नीट उत्तर देत होत्या. शेवटी वैशाली म्हणाली, "विचार करून कळवते." रिक्षात बाईंनी आदेश नीट घडी करून पिशवीत ठेवला. स्वारगेटच्या सिग्नलला म्हणाल्या, "चांगले प्रश्न होते."

आठ दिवसांनी पत्र आलं. हाताने लिहिलेलं, वैशालीच्या मोठ्या अक्षरात. येते म्हणाली होती, तीन अटींवर. पगार सध्या मिळतो तेवढा हवा, त्यात सेवा म्हणून सूट नाही. हाताखाली एक पगारी माणूस, पहिल्या महिन्यापासून. आणि बाईंनी सहा महिने कार्यालयात येऊ नये. दर शनिवारी संध्याकाळी मी स्वतः घरी येऊन सगळं सांगत जाईन, असं पुढे लिहिलं होतं. अटी मान्य असल्यास अध्यक्षांनी खाली सही करावी.

पहिल्या दोन अटी बाईंनी भराभर वाचल्या. तिसरी वाचून पत्र खाली ठेवलं. चष्मा पुसला आणि पुन्हा उचललं. त्यांच्या घरापासून नवी पेठ चालत दहा मिनिटांवर आहे आणि तीसहून अधिक वर्षं त्यांचा दिवस तिकडे जाण्यात किंवा तिकडचं काहीतरी करण्यात गेला होता, हे मला माहीत होतं. त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. तरी मी बोललो.

"बाई, ही अट नाकारता येते. ती नोकरीला येणार, अटी मंडळाने ठरवायच्या. आणि अध्यक्ष अजून तुम्ही आहात."

"आहे ना," बाई म्हणाल्या. "म्हणून तर सही माझी लागते."

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, तारीख घातली आणि सही केली.